स्वरचित भूमिकाखेळाचे नियम : आकलन व अध्यापनातील उपयोग

१. विषयप्रवेश

खेळ म्हटला की नियम आले. विटीदांडूत वकट, लेंड, मूंड अशी मोजणी करण्याची रीत एका गावी एक, तर शेजारच्या गावी दुसरी असते. लहान भावंडाला खेळात घ्यावयाचे झाल्यास त्यास 'कच्चे लिंबू' ठरवून बाद होण्यापासून सूट दिली जाते. हे नियम मुले पुस्तकातून शिकत नाहीत. ती ते ठरवितात, पाळतात आणि अडचण आली म्हणजे बदलतात. मुलांच्या अंगी असलेल्या या शक्तीचा भाषा व गणित यांच्या अध्यापनात उपयोग करून घेण्याचे एक साधन म्हणजे भूमिकाखेळ होय. मात्र मुलांनी रचलेले नियम शिक्षकास नीट वाचता आले, तरच हे साधन उपयोगी पडते.

२. खेळाचे स्वरूप व पूर्वपीठिका

भूमिकाखेळ बैठा असतो. एक जण सूत्रधार होतो व प्रसंग सांगतो. इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो व ते पात्र काय करील हे बोलून सांगतो. कृती साधली की फसली याविषयी शंका असेल तेथे फासे टाकतात. नाटकाप्रमाणे यात संवाद आहेत. परंतु पुढे काय घडणार हे आधी कोणी लिहून ठेवलेले नसते.

या प्रकाराचे मूळ सैनिकी शिक्षणात सापडते. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी राइसविट्स याने १८२४ साली नकाशा, फासे व पंच यांच्या साहाय्याने खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. नियमांचा पसारा पुढे जाचक वाटू लागला. तेव्हा १८७६ साली फेर्दी द्यु व्हेर्नुआ याने कोष्टकांऐवजी अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर देणारी मोकळी पद्धत मांडली. नियम किती लिहावेत आणि पंचावर किती सोपवावे, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने निघाला. त्यात अनेक गोष्टी अनुक्त होत्या. त्या खेळणाऱ्यांनी आपापल्या परीने भरून काढल्या. अॅरिझोनातील फीनिक्स येथील केन सेंट आंद्रे यास ते नियम क्लिष्ट वाटले, तसेच त्यासाठी लागणारे अनेक पृष्ठांचे फासे सहज मिळत नसत. त्याने नेहमीच्या सहा पृष्ठांच्या फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा खेळ रचून १९७५ साली प्रसिद्ध केला. खेळ समजेना म्हणून तो टाकून न देता समजेल असा रचणे, ही या परंपरेतील महत्त्वाची गोष्ट आहे.

३. नियम वाचण्याची रीत

मुलांनी वहीत लिहिलेले नियम हाती आल्यावर शिक्षकाने प्रथम शुद्धलेखन तपासू नये. पुढील चार प्रश्नांची उत्तरे त्या नियमांत मिळतात की नाहीत, हे पाहावे.

(अ) कोणी केव्हा बोलावयाचे?
(आ) फासे केव्हा टाकावयाचे व केव्हा नाही?
(इ) फाशांवरून निर्णय कसा काढावयाचा?
(ई) मतभेद झाल्यास कोणाचा शब्द अखेरचा?

दुसरा प्रश्न बहुधा राहून जातो. उघडे दार उघडण्यासाठी फासे नकोत आणि उडी मारून चंद्र गाठण्यासाठीही नकोत. जे होणारच किंवा होणे नाहीच, तेथे फाशांना काम नाही.

४. एक उदाहरण

समजा, इयत्ता पाचवीच्या मुलांनी 'गडाची वाट' नावाचा खेळ रचला. सूर्यास्तापूर्वी गडाच्या दरवाजात पोहोचावयाचे आहे. प्रत्येक पात्राचे बळ, चपळाई व बुद्धी असे तीन गुण असून प्रत्येक गुण दोन फासे टाकून ठरवावयाचा आहे. पुढील नियम असा : 'दोन फासे टाकावेत. बेरीज गुणापेक्षा कमी आल्यास कृती साधली.'

नियम सरळ दिसतो. पण बेरीज गुणाइतकीच आली तर? दोन फासे ३६ प्रकारे पडतात. त्यांपैकी २ ही बेरीज एका प्रकारे, ३ ही दोन, ४ ही तीन, ५ ही चार, ६ ही पाच व ७ ही सहा प्रकारे येते. ज्याचा गुण ७ आहे त्याची कृती, 'कमी' हा शब्द काटेकोरपणे घेतल्यास, ३६ पैकी १५ वेळा साधेल. 'तितकी किंवा कमी' असे म्हटल्यास २१ वेळा साधेल. एका शब्दाच्या फरकाने फसण्याची शक्यता अधिक असलेला खेळाडू साधण्याची शक्यता अधिक असलेला होतो.

याहून गंभीर दोष पुढेच आहे. ज्या मुलाचा गुण २ आला, त्याची कृती मूळ नियमाप्रमाणे कधीच साधणार नाही, कारण दोन फाशांची बेरीज २ हून कमी येत नाही. असा मुलगा थोड्याच वेळात गप्प होतो व इतर मुले 'त्याचे नशीब' म्हणून मोकळी होतात. येथे शिक्षकाने सावध असावे. दोष मुलाचा नाही, फाशांचाही नाही. तो नियमाचा आहे, आणि नियम बदलता येतो.

समजा, मुलांनी पुढील दुरुस्ती सुचविली : बेरीज गुणाइतकी आली तरी कृती साधली असे मानावे, तिन्ही गुणांत मिळून २१ अंक प्रत्येकाने स्वतः वाटून घ्यावेत, कोणताही गुण ४ पेक्षा कमी नसावा. आता सर्वांत दुर्बळ गुणाची कृतीही ३६ पैकी ६ वेळा साधेल. परंतु कोणी चतुर मुलगी ४, ५ व १२ अशी वाटणी करील. तिचा १२ चा गुण कधीच फसणार नाही. मग '१० पेक्षा अधिक नसावा' ही मर्यादा घालावी लागेल. तेव्हा तो गुण ३६ पैकी ३३ वेळा साधेल. दुरुस्तीतून नवा दोष निघाला म्हणून मुलांना हसू नये. नियम असेच घडत जातात.

५. वर्गात योजना

चार ते सहा मुलांचा एक गट करावा. पहिल्या तासास खेळ खेळावा व अडलेल्या जागांवर खूण करावी. दुसऱ्या तासास त्या जागांची चर्चा करून नियम पुन्हा लिहावेत. तिसऱ्या तासास वही दुसऱ्या गटाकडे द्यावी आणि लिहिणाऱ्यांनी एक शब्दही न बोलता नुसते पाहावे. वाचणारे कोठे थांबतात, यावरून लेखनाची खरी परीक्षा होते.

फासे नसल्यास १ ते ६ अंकांच्या चिठ्ठ्या डब्यात घालाव्यात. पहिली चिठ्ठी परत टाकल्यावाचून दुसरी उचलू नये. तसे केल्यास दोन्ही अंक सारखे कधीच येणार नाहीत व २ आणि १२ या बेरजा अशक्य होतील.

६. दक्षता

(अ) वाचनात मागे असलेल्या मुलास नियम ऐकवावेत. तो बोलण्यात मागे असेलच असे नाही. पुष्कळदा उत्तम सूत्रधार त्यांच्यातूनच निघतो.
(आ) खेळ चालू असता सूत्रधाराचा निर्णय सर्वांनी मानावा; हरकत खेळ संपल्यावर घ्यावी. नियमातील बदल पुढील डावापासून लागू करावा. हरत असलेल्याने डावाच्या मध्येच नियम बदलणे योग्य नव्हे, आणि जिंकत असलेल्यानेही नव्हे.
(इ) शिक्षकाने शक्यतो पहिल्या दिवशी सूत्रधार होऊ नये. तो सूत्रधार झाला की मुले नियमाऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात.

७. शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) गुण ५ असता 'कमी' व 'तितकी किंवा कमी' या दोन नियमांनी कृती साधण्याच्या शक्यता काढा.
(२) आपल्या गावातील एखाद्या खेळाचा अलिखित नियम, दुसऱ्या गावच्या मुलास समजेल असा, तीन वाक्यांत लिहा.
(३) 'कच्चे लिंबू' या सवलतीने खेळात कोणास काय मिळते व कोणाचे काय जाते? भूमिकाखेळात तिची योजना कशी करता येईल?
(४) आपल्या वर्गात सध्या लागू असलेले नियम कोणते, त्यांपैकी मुलांना विचारून केलेले किती, आणि एखाद्या नियमामुळे कोणते मूल गप्प झाले आहे काय, याचा शोध घ्या.