पाठ : करार आणि लिलाव

मुलांनो, इथे शुऐबात 'कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द घरोघरी ऐकू येतो. बाबांचे कॉन्ट्रॅक्ट वाढले, की आपली शाळाही तीच राहते. मराठीत त्याला करार म्हणतात. खेळाडूंचेही करार असतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली प्रो कबड्डीत नवखा होता. लिलावात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढायांचे २०० हून अधिक गुण मिळवले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. वर्षभरात जवळजवळ चौपट! पुढे २०२१-२२ च्या हंगामात खांदा दुखावल्याने तो बहुतेक सामन्यांना मुकला.

अमेरिकेतील एन.बी.ए. बास्केटबॉलची रीत वेगळी. तिथे १९९५ पासून पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्यांचा पगार निवडीच्या क्रमांकावरून ठरतो. आता पहिली दोन वर्षे पक्की असतात. तिसरे आणि चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर. खेळ बहरला तरी पगार लगेच चौपट होत नाही. पण दुखापत झाली तरी त्या दोन वर्षांचा पगार बुडत नाही.

शब्दार्थ : लिलाव – बोली लावून विक्री, नवखा – नुकताच आलेला, मुकणे – संधी गमावणे.

स्वाध्याय
१. ३६ लाख ४० हजारांची चौपट किती? १ कोटी ४५ लाख त्याहून किती कमी?
२. तुम्ही कोणती पद्धत निवडाल? का?
३. आईबाबांना विचारा : तुमच्या करारात पक्के काय आहे?