लष्कराच्या भाकऱ्यांना पीठ किती लागतं?

सर्टिफिकेशनची परीक्षा पास होऊन वर्ष-दीड वर्ष झालं, की एक दिवस त्याच संस्थेची ईमेल येते. प्रश्न लिहायला याल का? परीक्षा समितीवर बसाल का? पुढेमागे संचालक मंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहाल का? फी काही नाही, पगारही नाही. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या आपल्या नर्सेस ही ईमेल एकतर जाहिरात समजून पुसून टाकतात, नाहीतर एवढा मान मिळाला म्हणून त्याच रात्री ‘हो’ कळवतात. दोन्हीत घाई आहे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला माझी हरकत नाही, मी स्वतः भाजल्या आहेत. फक्त पीठ किती लागणार ते आधी मोजून घ्यावं.

आधी काम काय ते पाहू. क्रिटिकल केअरची सीसीआरएन घेणारी एएसीएन सर्टिफिकेशन कॉर्पोरेशन, इमर्जन्सीची सीईएन घेणारी बीसीईएन, कॅन्सर नर्सिंगची ओसीएन घेणारी ओएनसीसी, आणि कितीतरी विषयांची सर्टिफिकेशन्स देणारी एएनसीसी. या संस्थांत पगारी कर्मचारी आहेत, परीक्षाशास्त्राचे जाणकार आहेत. पण पेशंटचा बीपी कोसळला तर पहिल्यांदा काय करायचं, याचा प्रश्न वॉर्डात उभी राहणारी नर्सच लिहू शकते. सीसीआरएनच्या १५० प्रश्नांपैकी २५ प्रश्नांना गुण नसतात. ते चाचणीसाठी घातलेले असतात. नव्याने लिहिलेला प्रश्न आधी अशा रांगेत उभा राहतो आणि आकडेवारीत टिकला तरच पुढे गुणांना धरतात.

आता वेळ. प्रश्नलेखन हे सगळ्यांत हलकं काम समजतात, पण तसं ते नाही. प्रसंग, एक बरोबर पर्याय, तीन चुकीचे पण पटण्याजोगे पर्याय, आणि उत्तराला ताज्या पुस्तकातला आधार. ‘वरीलपैकी सर्व’ लिहून सुटका करून घेता येत नाही. माझी पहिल्या प्रश्नाला अख्खी संध्याकाळ गेली होती. सरावाने काम तासाभरावर आलं. २० प्रश्न आणि प्रशिक्षणाची दोन-तीन सत्रं मिळून २५ तास धरा. अमेरिकन सरकारच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार नोंदणीकृत नर्सची मध्यम कमाई तासाला ४५ डॉलर होती. त्या दराने हे ११२५ डॉलरचं काम झालं. हे पैसे खिशातून जात नाहीत हे खरं, पण तेवढ्याच वेळात दोन जादा शिफ्ट झाल्या असत्या.

पास होण्याची रेषा ठरवणारं पॅनेल हा त्याहून वेगळा प्रकार. तिथे बहुतेकदा सुधारित अँगॉफ पद्धत वापरतात. एकेक प्रश्न वाचायचा आणि जेमतेम पात्र ठरतील अशा १०० नर्सेसपैकी किती जणी याचं उत्तर बरोबर देतील, याचा अंदाज लिहायचा. पहिल्या तासाभरात खोलीतल्या प्रत्येकीला वाटतं, हे तर सगळ्यांनाच येतं! मग प्रत्यक्ष उत्तरांची आकडेवारी पडद्यावर येते आणि आवाज खाली येतात. मला हे काम सगळ्यांत आवडलं, आणि सगळ्यांत थकवणारंही तेच.

बैठक दुसऱ्या शहरात असेल तर रजा लागते. बारा तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे ३६ तास, म्हणजे १६२० डॉलरची साठवलेली रजा. ती स्वतःच्या खात्यातून देण्याआधी मॅनेजरकडे शिक्षणाचा दिवस मागा. तुमचं हॉस्पिटल मॅग्नेट दर्जाचं असेल किंवा त्या तयारीत असेल, तर सर्टिफाइड नर्सेस तिथे वरिष्ठांनाही हव्या असतात, तेव्हा मागायला संकोच नको. क्लिनिकल लॅडर असेल तर समितीच्या कामाला गुण आहेत का तेही पाहा. पगारात काही वाढ झालीच, तर ती या वाटेने होईल.

विमान, हॉटेल, जेवण हा खर्च साधारणपणे संस्था करते. प्रश्न फक्त आधी कोणाच्या कार्डावर, एवढाच. एका संस्थेच्या बैठकीला मी हॉटेल आणि टॅक्सी माझ्या कार्डावर घेतली, टॅक्सीची पावती हरवली, आणि उरलेले पैसे हातात येईपर्यंत कार्डाची दोन बिलं भरून झाली. तेव्हापासून मी तिकीट संस्थेलाच काढायला सांगते आणि पावतीचा फोटो गाडीतून उतरण्याआधी काढते.

आता खरा खर्च, जो ईमेलमध्ये कुठेच नसतो. तुम्ही शनिवारी घरी किंवा झूमवर ज्युनियर मुलींना त्याच परीक्षेची तयारी करून देता का? मग प्रश्नलेखनाच्या करारावर सही करण्याआधी तो शब्दन् शब्द वाचा. प्रश्न ज्याला माहीत आहेत त्याने क्लास घ्यायचा नाही, हा या क्षेत्रातला पक्का नियम आहे. परीक्षा घेणं आणि परीक्षेची तयारी करून देणं यांत भिंत असावी, अशी मान्यता देणाऱ्या संस्थांचीही अट असते. ही बंदी बहुधा पदाबरोबर संपत नाही, नंतरही काही काळ चालते. हिशेब करून पाहू. एका बॅचला सहा मुली, प्रत्येकी २०० डॉलर, वर्षाला दोन बॅच, म्हणजे २४०० डॉलर. दोन वर्षांची समिती आणि त्यानंतर दोन वर्षांची बंदी धरली तर ९६०० डॉलर. वरचे सगळे आकडे यापुढे किरकोळ आहेत. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी विचारलं, की यंदा कशावर भर आहे हो ताई, तर मौन. मैत्रिणी रागावतात, पण त्याला इलाज नाही. त्या काळात ती परीक्षा तुम्हाला स्वतःलाही सहसा देता येत नाही, म्हणजे प्रमाणपत्राचं नूतनीकरण शिक्षणाच्या तासांच्या आणि कामाच्या नोंदींवरच करावं लागतं.

करसवलतीबद्दल आपल्याकडे फार गोड गैरसमज आहेत. दिलेल्या वेळेची किंमत करातून वजा होत नाही. एक तासाचीही नाही. परत न मिळालेला खर्च वजा करता येतो, पण संस्था ५०१(सी)(३) म्हणजे धर्मादाय असेल तरच. संस्था ५०१(सी)(६) म्हणजे व्यावसायिक संघटना असेल तर धर्मादाय वजावट नाही. आणि मिळालीच, तर स्वतःची गाडी चालवण्याचा दर आहे मैलाला १४ सेंट. तो कायद्यातच लिहिलेला असल्याने पेट्रोल महागलं तरी हलत नाही.

मानधन देऊ केलं तर दोन गोष्टी पाहा. १९९७ च्या संघीय कायद्याने ना-नफा संस्थांच्या स्वयंसेवकांना दाव्यांपासून काही संरक्षण दिलं आहे. पण खर्चाच्या परतफेडीव्यतिरिक्त वर्षाला ५०० डॉलरहून जास्त मोबदला घेतला, तर तुम्ही त्या व्याख्येत बसत नाही. दुसरी गोष्ट व्हिसाची. आपल्या बऱ्याच नर्सेस ईबी-३ मधून ग्रीन कार्ड घेऊनच येतात, त्यांना अडचण नाही. एच-१बीवर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय मानधनाचा चेक घेऊ नका.

संचालक मंडळासाठी विचारणा झाली तर संस्थेचा फॉर्म ९९० मागवा. ना-नफा संस्थांचं हे वार्षिक विवरण कोणालाही पाहता येतं. त्याच्या सातव्या भागात प्रत्येक संचालकाच्या नावापुढे आठवड्याला सरासरी किती तास आणि किती मोबदला, हे छापलेलं असतं. बोलावणारी व्यक्ती म्हणेल, महिन्याला दोन-चार तास. विवरणातला आकडा पाहा आणि मग ठरवा. संचालकांसाठी दायित्व विमा आहे का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

बदल्यात काय मिळतं? एएनसीसीचं प्रमाणपत्र पाच वर्षांनी नवं करताना ७५ तासांचं शिक्षण आणि त्याशिवाय ठरलेल्या वर्गांपैकी एका वर्गातलं काम दाखवावं लागतं. दोन वर्षांची व्यावसायिक सेवा त्या वर्गात बसते. मात्र ७५ तास काही माफ होत नाहीत. नर्सिंगच्या परवान्याची एनक्लेक्स परीक्षा चालवणारी एनसीएसबीएनसुद्धा प्रश्न लिहायला आणि तपासायला नर्सेस बोलावते. लिहिण्यासाठी मास्टर्स झालेल्या आणि विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या, तपासण्यासाठी नव्या नर्सेसबरोबर काम करणाऱ्या. तिथे शिक्षणाचे तास मिळतात. उरलेली कमाई ओळखींची. माझी सध्याची नोकरी अशाच एका बैठकीत जेवताना ठरली, पण तो योगायोग आहे, त्याला हिशेबात धरू नका.

माझं मत विचाराल, तर पहिल्या वर्षी फक्त प्रश्नलेखन घ्या, तेही दहा प्रश्नांचं. जमलं तर समिती. मंडळ मुलं कॉलेजला गेल्यावर. आणि तुमचा शनिवारचा क्लास चांगला चालत असेल, तर त्या ईमेलला आभाराचं उत्तर पाठवा आणि पुढची बॅच सुरू करा. तिथे प्रश्न लिहायला दुसरी कोणीतरी मिळेल. आपल्या मुलींना मराठीत समजावून सांगणारी मिळायची नाही.