मुळशीच्या गाडीला कोणते टायर?

पौड, ता. मुळशी

चि. भाचेराव,


स्टुटगार्टच्या चुलतभावाने फोनवर सांगितलं की घेशील तर ऑल-सीझन टायरच घे, आणि तू दुकानदाराच्या मागे लागलास. भावाचा सल्ला त्याच्या गावापुरता सोळा आणे खरा आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं आणि त्याची पकड सुटते. जर्मनीत बर्फाच्या रस्त्यावर योग्य टायर नसेल तर २०१० पासून कायद्याने दंड होतो. तिथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर लावतात, उरलेले महिने उन्हाळी. वर्षातून दोनदा हा खटाटोप नको असणाऱ्यांसाठी ऑल-सीझन. त्यावरही डोंगराची तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या ‘एम+एस’ (मड अँड स्नो) अक्षरांवर तिथे भागत नाही.

आता आपली थंडी बघ. पुण्यात नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश, तेही १७ जानेवारी १९३५ चं. एरवी जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश असतात आणि दुपारी माणूस स्वेटर काढून मागच्या सीटवर टाकतो. मुळशीच्या खोऱ्यात पारा आणखी थोडा उतरतो, पण बर्फाची भाषा बोलावी इतका नाही. उलट एप्रिलमध्ये पुणं चाळिशीला टेकतं आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. थंडीसाठी मऊ ठेवलेलं रबर तशा रस्त्यावर लवकर झिजतं. आपल्याकडच्या गाड्यांना कंपनीतून येणारे साधे टायर आपल्या थंडीला पुरून उरतात.

मुळशीत टायरची परीक्षा पावसाळ्यात होते. या पावसासाठीच टाटांनी शंभर वर्षांपूर्वी इथे धरण बांधायला घेतलं आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह उभा राहिला. २५ जुलै २०२४ ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणी घाटात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. पुणे शहराला अख्ख्या वर्षात सरासरी सातशेच्या आसपास मिळतो! तू सुट्टीत माणगावला उतरणार तो याच घाटातून.

म्हणून दुकानात ऋतूचं नाव न विचारता ओल्या रस्त्यावरची पकड विचार. कारच्या टायरना रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज यांची मानकं लावण्याचा नियम सरकारने २०२२ मध्ये काढला. एसयूव्हीच्या जाड नक्षीच्या टायरवर ‘एम+एस’ दिसेल. ही अक्षरं उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर छापतो, त्यासाठी बर्फावरची चाचणी सक्तीची नसते. तसले टायर चिखलात बरे, ओल्या डांबरावर मात्र ते साध्या टायरपेक्षा सरस असतीलच असं नाही. आणि आवाज? तो फुकट मिळतो.

नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याची मर्यादा १.६. खाचेत बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण मुळशीत तिथवर थांबू नये; ३ मिलिमीटर उरले की जून लागण्याआधी बदलावा. खाचा पाणी बाहेर फेकतात. त्या उथळ झाल्या की ओल्यात ब्रेकचं अंतर वाढतं. घाटात वेग कमी असतो, तिथे शेवाळ, माती आणि पानांचा राडा घात करतो. द्रुतगती महामार्गावर गाडी चक्क पाण्यावर तरंगते.

इथेच एक जुना गैरसमज आडवा येतो. पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, असं पंक्चरवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे सांगतात. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरून काढलेलं सूत्र उलट सांगतं: साचलेल्या पाण्यात ३२ पीएसआय हवेचा टायर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला तरंगू लागतो, तर २४ चा ८२ लाच. कारला हे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, दिशा मात्र तीच. दाराच्या चौकटीवर कंपनीने छापलेला आकडा बघ आणि टायर थंड असताना हवा भर.

टायरच्या बाजूवर चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सवलतीचा माल घेताना हे आधी वाच. दुकानात पडून जुना झालेला टायर नवा म्हणून गळ्यात मारतात.

चारही एकदम घ्यायला पैसे कमी पडले तर नवे दोन मागच्या चाकांना बसव. दुकानदार पुढे लावायला सांगेल, गाडी पुढच्या चाकांवर ओढते म्हणून. ऐकू नकोस: ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरता येत नाही.

तुझा,
मामा