बेसमेंटचं बाहेरचं दार बसवताना खर्च किती?

मॅसॅच्युसेट्स किंवा कनेक्टिकटमध्ये जुनं घर घेतलं की मागच्या अंगणात भिंतीला टेकून असलेलं तिरकं, दोन पाखांचं लोखंडी दार बहुधा मिळतंच. बेसमेंटमध्ये बाहेरून उतरायचं हे बल्कहेड. ते गंजलं की सगळे आधी नव्या दाराची किंमत शोधतात. खरा खर्च दाराखालच्या काँक्रीटवर ठरतो.

चांगलं पोलादी दार साधारण ८०० ते १५०० डॉलरला मिळतं. जुनं काढून नवं बसवण्याची मजुरी धरली तर दीड ते तीन हजारांत काम होतं, पण दार ज्यावर बसतं तो काँक्रीटचा कठडा धड असेल तरच. म्हणून कोटेशन मागवण्याआधी दार उघडा आणि चौकट जिथे काँक्रीटवर टेकते तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. काँक्रीटचा भुगा पडत असेल तर नव्या दाराचे बोल्ट तिथे धरणार नाहीत. कठडा आधी नव्याने भरून घ्या, त्याचे काही शे डॉलर वेगळे ठेवा. पायऱ्यांच्या तळाशी पाणी साचल्याचे डाग असतील, तर निचऱ्याचं काम आधी आणि दार नंतर.

जिथे दारच नाही तिथे गणित पार बदलतं. खोदाई, पायाची भिंत कापणं, वरचा भार पेलायला लिंटेल, तयार काँक्रीटच्या पायऱ्या, परमिट: हे सगळं दहा हजार डॉलरच्या आत क्वचितच बसतं. पाया दगडी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भिंतीला हात लावू देऊ नका. खोदण्याआधी ८११ वर फोन हवाच. जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी फुकट आखून देतात. बेसमेंटमध्ये झोपायची खोली काढायची असेल तर हा खर्च जरूर करावा, कारण तिथे आणीबाणीत बाहेर पडायची वाट नियमानेच लागते आणि नियमात बसणारं बल्कहेड ती गरज भागवतं.

पोलादी दारावर कारखान्यातून येतो तो बहुधा नुसता प्रायमर. रंग कोण देणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. तसंच घराच्या भिंतीलगतचं फ्लॅशिंग, चौकटीखालचं सीलंट आणि जुनं दार उचलून नेणं. रंगाविना एक हिवाळा गेला तरी बिजागऱ्यांपाशी गंज धरतो. हिवाळ्यात थंडी आत येऊ नये म्हणून पायऱ्यांच्या तळाशी इन्सुलेटेड दारही लागतं. त्याचे पैसे वेगळे असतात, तेव्हा सुरुवातीलाच विचारा.