आधी माणसं, मग दगड

नोकरीनिमित्त ठाणे-पनवेल-अलिबाग सोडून दूरच्या शहरांत गेलेली आमची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, मुलं-मुली अधूनमधून मला फोन करतात. "मावशी, इथे आपली चार-पाच घरं सापडलीत. प्रार्थना सुरू करायचीय. हॉल बघू का?" हॉल बघू नका, असं मी त्यांना सांगते. मी चेन्नईत अड्यारला राहते आणि हॉलपायी जमात कशी मोडते, ते मी जवळून पाहिलं आहे.

माणसांआधी जागा, असं अड्यारला पूर्वीही घडलेलं आहे. थिऑसॉफिकल सोसायटीच्या इथल्या आवारात देऊळ, बुद्धविहार, चर्च, मशीद अशी निरनिराळ्या धर्मांची छोटी प्रार्थनास्थळं आहेत. सिनेगॉग मात्र नाही. ते व्हायचं होतं. १९२५ च्या डिसेंबरात सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी अधिवेशनाला देशोदेशीचे लोक आले. त्यांतल्या यहुद्यांनी हिब्रू थिऑसॉफिस्टांची संघटना काढली आणि सिनेगॉगच्या पायाचा दगडही बसवला. इमारत काही पुरी झाली नाही. अधिवेशन संपलं की मंडळी आपापल्या देशी परतणार. मग दर शनिवारी सकाळी इथे दहा यहुदी कुठून यायचे? शिवाय थिऑसॉफी मानणं हे अनेक यहुद्यांना पटणारं नव्हतं. इराकमधल्या बसऱ्यात तर पुढे अशा लोकांना तिथल्या जमातीने बहिष्कृत केलं. त्या माणसांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण शेजारीपाजारी माणसं नसताना बसवलेल्या दगडावर भिंत चढत नाही.

चेन्नईतल्या आमच्या जमातीची सुरुवात माझ्या घरात झाली. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायचे, मनुका भिजवून, कोळून केलेल्या शरबतावर किद्दुशचा आशीर्वाद म्हणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. आयटीतली पोरं, एक निवृत्त रेल्वे अधिकारी आणि त्यांची पत्नी, कधी एखाद्या प्रकल्पावर आलेलं परदेशी कुटुंब. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा केला त्या दिवशी तर गोड पोह्यांच्या ताटाभोवती बसायला जागा उरली नव्हती. ही गर्दी पाहून परगावच्या एका देणगीदाराने भाड्याचा हॉल घेऊन दिला. पहिल्या वर्षाचं भाडं त्यांनीच भरलं आणि दारावर आपल्या वडिलांच्या नावाची पाटी लावली. समिती झाली, पदं वाटली गेली. हॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. घरच्या जेवणासाठी धावत येणारी पोरं रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसायला येईनात.

त्यात मिनियानचा, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांच्या मोजणीचा, वाद निघाला. घरात डोकी कुणी मोजत नव्हतं, हॉलमध्ये मोजायला लागले. एका बाईंना वडिलांच्या वर्षश्राद्धाला कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणवून घ्यायचा होता. लांबून आल्या होत्या. दहा पुरुष भरले नाहीत. बायकांना धरा, असं काहींचं म्हणणं. मुळीच नाही, असं काहींचं. दोन्ही बाजूंची माणसं त्या रात्री रागावून गेली आणि त्या बाई रडत गेल्या. वर्ष सरल्यावर भाड्याला कुणी पुढे आलं नाही. हॉल गेला आणि त्याच्याबरोबर आमचा शुक्रवारही गेला.

म्हणून मी सांगते, मिनियानमध्ये कोण धरायचं ते पहिल्याच बैठकीत ठरवा, कुणाचा कद्दिश अडण्याआधी. ज्या १९२५ मध्ये अड्यारला दगड बसला, त्याच वर्षी मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या लंडनला होत्या, तेव्हा तिथली उदारमतवादी यहुदी उपासना त्यांनी पाहिली होती. आपण कोणत्या पद्धतीने चालणार, हे युनियनमध्ये सुरुवातीलाच उघड होतं. ज्यांना ते पटलं ते आले, बाकीचे आपल्या जुन्या सिनेगॉगमध्ये जात राहिले. दिल्लीच्या हुमायून रोडवर १९५६ पासून जुडाह हायम सिनेगॉग आहे. तिथली जमात अगदी मूठभर. तिथे वर्षानुवर्षं उपासना चालवणाऱ्या आपल्या इझिकेल मळेकरांनी स्त्रियांनाही मिनियानमध्ये धरलं. कुणाला हे मान्य नसेल तर त्यांनी तसं स्पष्ट ठरवावं आणि दहा पुरुष नसतील त्या दिवशी कद्दिशविना प्रार्थना करावी. मला स्वतःला मळेकरांचा मार्ग पटतो. चार घरांच्या गावात निम्मी माणसं मोजणीबाहेर ठेवणं परवडत नाही, आणि ते न्यायाचंही नाही.

सेफेर तोराची, म्हणजे हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीची, घाई नको. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं, तेव्हा कोकणातून आलेली बेने इस्राएल कुटुंबं मुंबईत वस्ती करून होती. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या या माणसाने आधी आपल्या माणसांना छप्पर दिलं. मग सेफेर तोरा मिळवायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. तुम्ही छापील पुस्तकातून वाचा. वाचायला येणारा एकच असेल तर त्याने दुसऱ्या कुणाला तरी शिकवायला घ्यावं, कारण त्याची बदली झाली की सगळं थांबतं.

जेवण पाळीपाळीने प्रत्येक घरी ठेवा. माझ्याच घरी ठेवलं होतं, म्हणून मी आजारी पडले की शुक्रवार बुडायचा. पैसे थोडेथोडे, पण सगळ्यांकडून घ्या आणि हिशेब दर महिन्याला सर्वांपुढे वाचा. एकाच खिशातून पैसे आले की प्रार्थनेची वेळसुद्धा तो खिसा ठरवू लागतो. परदेशी पाहुण्यांना प्रेमाने बसवा, मात्र त्यांच्या येण्यावर मोजणी बेतू नका. आणि मलिदा सोडू नका. पाहुण्यांना तो परका वाटला तरी आपल्या मुलांना त्यानेच घर आठवतं.

सर्वांत आधी दफनाची सोय पाहून ठेवा. आपल्यात दफन लांबवत नाहीत आणि अनोळखी शहरात ऐन वेळी जागा मिळत नाही. चेन्नईत लॉइड्स रोडला यहुद्यांचं दफनस्थान आहे. तुमच्या शहरात आहे का, नसेल तर सर्वांत जवळचं कुठे आहे, तिथे कुणाची परवानगी लागते, हे विचारून घ्या. कफन शिवून ठेवा. स्नान कोण घालणार, पुरुषांसाठी कोण, बायकांसाठी कोण, त्यांची नावं आणि फोन नंबर प्रत्येक घरात लिहिलेले असू देत. हे एवढं हाती आलं की शुक्रवारी दिवे लावायला बोलवा.