आरपीएमचा काटा नाचतो तेव्हा : काय करावे, काय टाळावे

नौबाद-बीदरचे पठार जांभ्याचे. उन्हाळाभर तांबडी धूळ बॉनेटखाली साचते आणि मृगाच्या पावसात ओल धरते. जुन्या गाडीच्या जोडांवर गंज चढायला एवढे पुरते. मग आरपीएमचा काटा थरथरतो, उड्या मारतो, मध्येच शून्यावर पडतो. अशा वेळी मीटर सहसा निर्दोष असते. त्याच्यापर्यंत येणारी तार, जोड किंवा अर्थिंग बिघडलेले असते. म्हणून स्वस्त तपासण्या आधी, मीटर सर्वांत शेवटी.

काय करावे

१. इंजिनाकडे कान द्या. काटा पडला त्याच क्षणी इंजिनही अडखळले, तर दोष बहुधा इग्निशनमध्ये. इंजिन एकसारखे चालत असेल, तर दोष मीटरकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये किंवा मीटरमध्ये.

२. वेळ टिपून ठेवा. खड्ड्यात काटा उडतो, तर जोड लूज असण्याची शक्यता जास्त. हेडलाइट लावताच हलतो, तर अर्थिंग पाहा. इंजिन तापल्यावरच बिघडतो, तर कॉइल किंवा मीटरमागचा सुटलेला टाका पाहा. मेकॅनिकला एवढे सांगितले की त्याचे अर्धे काम होते.

३. बाकीचे काटेही बघा. पेट्रोल आणि तापमानाचे काटेही सोबत नाचत असतील, तर मीटर-कन्सोलची अर्थिंग किंवा तिथे येणारा करंट तपासा.

४. अर्थिंग साफ करा. बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी आणि डॅशबोर्डमागची, अशा तिन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, बोल्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. मग इंजिन आणि दिवे चालू ठेवून बॅटरीचे निगेटिव्ह व मीटरची अर्थिंग यांमधले व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले, तर अर्थिंग अजून कच्ची आहे.

५. चार्जिंग मोजा. चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५.

६. कॉइलची तार शेवटपर्यंत बघा. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीत मीटर सहसा कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरचे ठोके मोजते. ४ सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला २ ठिणग्या पडतात, म्हणजे ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके. एखादा ठोका चुकला तरी काटा हलतो. ही तार पत्र्यातून डॅशबोर्डकडे जाते तिथले रबर फाटले आहे का, ते नक्की पाहा.

७. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट आणि कंडेन्सर तपासा. पॉइंट जळालेले असतील तर बदला. गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा.

८. मीटरची तार प्लग वायरपासून लांब न्या. रेझिस्टन्स नसलेल्या प्लग वायर विद्युत गोंगाट पसरवतात आणि काटा त्याला फसतो.

९. मारुती ८०० ला बाहेरून मीटर बसवले असेल, तर सेटिंग ३ सिलिंडरचे ठेवा. ४ वर ठेवल्यास खरे २,००० आरपीएम असताना काटा १,५०० दाखवेल.

१०. डिझेल गाडीत बेल्ट बघा. तिथे ठिणगी नसते. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत मीटरला ठोके अल्टरनेटरकडून मिळतात. बेल्ट घसरला की काटाही खोटे सांगतो.

काय टाळावे

१. चालू इंजिनात कॉइलला हात लावू नका. निगेटिव्ह टोकावर शेकडो, तर प्लग वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात.

२. मीटरची तार उघडी लोंबकळत ठेवू नका. कॉइलवरून येणारी ही तार बॉडीला टेकली, की ठिणगी बंद होते आणि गाडी रस्त्यातच थांबते. तार काढायचीच, तर कॉइलच्या टोकाला काढा आणि ते टोक नीट झाका.

३. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढू नका. अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

४. गंजलेल्या जोडावर नुसती टेप गुंडाळू नका. आत ओल कोंडते आणि गंज वाढतो. जोड कापा, नवा करा, मग स्लीव्ह चढवा.

५. इसीएम (इंजिनाचा संगणक) असलेल्या गाडीत बल्बच्या टेस्टरने तारा टोचू नका. मल्टिमीटरच वापरा.

६. डिस्ट्रिब्युटर आणि कॉइलवर प्रेशरचे पाणी मारू नका. धूळ कोरड्या ब्रशने झाडा.

७. पहिल्याच दिवशी नवे किंवा जुन्या बाजारातले मीटर घेऊ नका. तार सदोष असेल, तर नवा काटाही तसाच नाचेल.

८. काट्यासोबत इंजिनही अडखळत असेल, तर रात्री उदगीर किंवा भालकीच्या रस्त्याला लागू नका. गाडी अंधारात बंद पडली, तर मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसेलच असे नाही. आधी इग्निशन दुरुस्त करा, प्रवास नंतर.