नागरिकशास्त्राचा बिनखर्ची खेळ

नागरिकशास्त्र हा विषय आपल्यापैकी पुष्कळांना रुक्ष वाटतो. अनुच्छेदांचे क्रमांक पाठ करावेत, परीक्षेत ते उतरवावेत आणि सुट्टी लागताच विसरावेत, असा त्याचा क्रम होऊन बसला आहे. परंतु तबल्याचे बोल नुसते पाठ करून कोणाचा हात तयार होत नाही. नागरिकत्वाचेही तसेच आहे. ते वापरून पाहिल्यावाचून अंगी बाणत नाही.

अमेरिकेत ही अडचण सँड्रा डे ओ'कॉनर या विदुषींनी ओळखली. १९८१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला न्यायाधीश. २००६ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी विश्रांती घेतली नाही. २००९ साली त्यांनी शाळकरी मुलांना नागरिकशास्त्र शिकविणारे संगणकावरील खेळ तयार करण्याचे कार्य आरंभिले. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेचे नाव 'आयसिव्हिक्स'. २०२३ साली ओ'कॉनरबाई निवर्तल्या. पण त्यांचे खेळ आजही कोणासही विनामूल्य खेळता येतात.

त्यांपैकी एका खेळात विद्यार्थी वकिलांच्या कचेरीचा चालक होतो. एकेक पक्षकार येऊन आपले गाऱ्हाणे सांगतो. त्या गाऱ्हाण्यामागे घटनेने दिलेला हक्क खरोखरच आहे काय, हे विद्यार्थ्याने प्रथम ठरवावयाचे आणि असल्यास त्या विषयाच्या जाणत्या वकिलाकडे पक्षकारास पाठवावयाचे. निवड चुकली की कचेरीचा लौकिक घटतो. यातील मर्म असे की, क्रमांक पाठ असून येथे भागत नाही. हक्क आणि इच्छा यांतील भेद ओळखावा लागतो.

अमेरिकेची घटना आपणांस लागू नाही, हे खरे. परंतु खेळाची कल्पना आपण उचलू शकतो आणि त्यास संगणकही लागत नाही. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, कात्री आणि 'भारताचे संविधान' एवढी सामग्री पुरे. संविधान भारत सरकारने मराठीतही प्रसिद्ध केले असून ते विनामूल्य वाचावयास मिळते.

खेळ असा मांडावा. पुठ्ठ्याच्या काही चिठ्ठ्यांवर १४, १५, १७, १९, २१क, २३, २४, २५, २९ व ३० हे अनुच्छेद एकेका वाक्यात लिहावेत. दुसऱ्या वीस चिठ्ठ्यांवर गाऱ्हाणी लिहावीत. वर्गाचे तीन गट करावेत : पक्षकार, वकील आणि न्यायाधीश. पक्षकाराने गाऱ्हाणे वाचावे, वकिलाने योग्य अनुच्छेद काढून कारण सांगावे आणि न्यायाधीशांनी पुस्तक उघडून निवाडा द्यावा. अचूक अनुच्छेदास दोन गुण, स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या कारणास तीन. नंतर गटांनी भूमिका बदलाव्यात.

काही उदाहरणे पाहू. "उपाहारगृहात माझ्या जातीमुळे मला आत घेतले नाही." येथे अनुच्छेद १५ धावून येतो; अस्पृश्यतेचा आचार असेल तर १७ देखील. "दुकानदाराने मला उधार दिले नाही." येथे एकही चिठ्ठी उचलावयाची नाही. "बारा वर्षांच्या मुलाला कारखान्यात कामास लावले आहे." येथे २४ व २१क दोन्ही लागतात.

अनुच्छेद २१क हाती आला की बडोदेकरांनी क्षणभर थांबावे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हा हक्क २००२ सालच्या घटनादुरुस्तीने आला. परंतु महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ सालीच बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले होते. पुढे १९१३ साली ज्या तरुणास त्यांच्या शिष्यवृत्तीमुळे अमेरिकेस जाता आले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

आता आपल्याच दारातली एक चिठ्ठी : "आम्ही मराठी भाषक गुजरातेत राहतो. आम्हांस आपल्या भाषेची शाळा चालविता येईल काय?" उत्तर अनुच्छेद ३० मध्ये आहे. धर्माने वा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क तो देतो. अल्पसंख्य कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात सांगितले. म्हणजे हीच चिठ्ठी पुण्याच्या मराठी मुलाने काढली, तर भाषेच्या आधारे त्यास गुण मिळणार नाहीत. बडोद्याच्या मुलास मिळतील!

परंतु येथेच खेळ संपवू नये. हक्क शाळेचे दार उघडे ठेवू देतो. बाके भरण्याचे काम तो करीत नाही. ज्या शाळेत मुलेच येत नाहीत, तिला कोणताही अनुच्छेद तारू शकणार नाही. ते काम पालकांचे व आपले आहे. तसेच, आपली भाषा जपावयाची म्हणून राज्याची भाषा शिकावयाची नाही, असा अर्थ कोणी काढू नये. गुजराती ही आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची भाषा. तीही उत्तमच आली पाहिजे.

खेळात वकील चटकन मिळतो. व्यवहारात तसे नसते. म्हणून हेही ध्यानी ठेवावे की, १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया व मुले यांना मोफत कायदेविषयक साहाय्य मागता येते. हे ठाऊक असलेला एक विद्यार्थी घरात असला, तरी एखाद्या गांजलेल्या शेजारणीस वाट दिसू शकते. एवढे साधले, तर पुठ्ठ्याच्या त्या चिठ्ठ्या सार्थकी लागल्या असे म्हणावे.

स्वाध्याय

१. ज्यास एकही अनुच्छेद लागू नाही, अशी तीन गाऱ्हाणी लिहा व कारणे द्या.

२. अनुच्छेद २९ व ३० वाचून त्यांतील भेद सांगा.

३. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या शाळेविषयी विचारा. ती आज चालू आहे काय? नसल्यास का?